शाळेचा सुरक्षा आराखडा, प्रशिक्षण आणि मॉक ड्रिल: महापालिकेच्या एका शाळेने घेतलेल्या सेवेचा अनुभव

पुण्याच्या पेठभागातील महानगरपालिकेच्या एका मराठी प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. इमारत तीन मजली आहे. सकाळी तिच्यात माध्यमिक शाळा भरते आणि दुपारी आमची. आमच्या पटावर ३८६ मुले आहेत. गेल्या जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीने परिसरातील व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणगीतून, विभागाची परवानगी घेऊन, एका खासगी एजन्सीकडून शाळेच्या सुरक्षेचे काम करून घेतले. इमारतीची पाहणी, आपत्ती व्यवस्थापनाचा लेखी आराखडा, शिक्षक आणि सेवकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, दोन मॉक ड्रिल आणि अग्निशमन सिलिंडरांची देखभाल या सर्वांसाठी आम्ही ४२,००० रुपये मोजले. सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च वेगळा झाला. एजन्सीचे नाव येथे देत नाही. ज्या उणिवा आम्हाला आढळल्या त्या इतर शाळांतील सहकाऱ्यांनाही वेगवेगळ्या एजन्सींच्या कामात आढळल्या आहेत, तेव्हा एकीला नावे ठेवून दुसरीकडे धाडण्यात कोणाचे भले होणार नाही.

मत आधीच सांगते. प्रशिक्षण आणि ड्रिल यांसाठी दिलेला पैसा पुरेपूर वसूल झाला. लेखी आराखडा आम्हाला स्वतः नव्याने लिहावा लागला. सिलिंडरांच्या देखभालीत आम्ही स्वतः लक्ष घातले नसते तर फसगत झाली असती. आणि सर्वांत मोठी उणीव ही की बाहेरच्या माणसाला आत येऊ न देणे आणि आतल्या मुलाला बाहेर पडता येणे ही दोन्ही कामे एकाच दारावर एकाच वेळी व्हावी लागतात, याचा विचार एजन्सीतल्या कोणीच एकत्र बसून केलेला नव्हता.

या कामाचा आग्रह मी धरला त्यामागे कुंभकोणमची आठवण होती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील त्या गावी शाळेला आग लागून ९४ मुले गेली. स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराने पेट घेतला आणि वरच्या मजल्यावरची लहान मुले अडकली. त्या इमारतीतही एकाहून अधिक शाळा भरत होत्या. पुढे अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल देताना शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क धरलेला आहे असे स्पष्ट केले आणि प्रत्येक शाळेत अग्निशमनाची साधने असावीत, ती वापरण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळावे आणि इमारती राष्ट्रीय इमारत संहितेला धरून असाव्यात असे आदेश दिले. आमच्या भिंतींवर सिलिंडर होते. ते हाताळण्याचे प्रशिक्षण मात्र माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही मिळालेले नव्हते.

पाहणीसाठी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन तज्ज्ञ आले. पहिले अग्निशमनाचे जाणकार होते. त्यांनी तिन्ही मजले पायी फिरून पाहिले, जिन्याची रुंदी टेपने मोजली, जिन्याखाली रचलेली मोडकी बाके आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याच दिवशी हलवायला लावले आणि मागच्या बाजूच्या चॅनल गेटपाशी येऊन थांबले. त्या गेटला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे असे त्यांनी विचारले. आमच्या शिपायांनी सांगितले की ती सकाळच्या शाळेच्या शिपायांकडे असते आणि ते साडेबाराला घरी जातात. कुलूप हातात धरून पाहिले तेव्हा लक्षात आले की गेटला मागच्या वेळी रंग दिला तेव्हा कुलूपही त्याच हिरव्या रंगात रंगून गेले होते आणि किल्लीचे छिद्र बुजले होते. म्हणजे किल्ली मिळाली असती तरी उपयोग नव्हता. दुपारच्या सत्रात ३८६ मुलांसाठी खाली उतरायला दोन जिने होते, पण इमारतीतून बाहेर पडायला दार एकच होते, आणि हे कित्येक वर्षे तसेच चालले होते. हे लिहिताना मला अपराधी वाटते, पण लिहिणे आवश्यक आहे. अशी रंगलेली कुलपे आणखीही शाळांत असतील.

आठ दिवसांनी सुरक्षेचे तज्ज्ञ आले. त्यांनी त्याच गेटकडे बोट दाखवून ते कायमचे बंद करावे, शक्य असल्यास वेल्डिंग करून टाकावे, असा अभिप्राय लेखी दिला. कारण मागची गल्ली निर्जन आहे आणि त्या बाजूने कोणीही आत येऊ शकते. त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. परंतु एकाच एजन्सीच्या एकाच अहवालात पान ७ वर ‘मागील गेट शाळेच्या वेळेत खुले ठेवावे’ आणि पान १९ वर ‘मागील गेट कायमस्वरूपी बंद करावे’ अशा दोन शिफारशी छापून आल्या, आणि त्याखाली सही एकाच अधिकाऱ्याची होती. अहवाल कोणी सलग वाचलेला नव्हता हे यावरून कळते. आम्ही विचारणा केली तेव्हा ‘तुमच्या सोयीने ठरवा’ असे उत्तर आले. ज्या एका प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून आपण पैसे देतो, तोच प्रश्न आपल्याकडे परत आला.

शेवटी तोडगा समितीतील एका पालकांनी काढला. ते फॅब्रिकेशनचे काम करतात. त्यांनी गेटच्या जाळीमागे पत्रा बसवून घेतला, त्यामुळे बाहेरून हात आत जात नाही, आणि आतल्या बाजूला मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर एक जाड कडी लावली. शाळा भरलेली असताना कुलूप निघते आणि फक्त कडी राहते. तेथे सेविका मावशींची खुर्ची असते. शाळा सुटल्यावर पुन्हा कुलूप लागते. इमारतीत माणसे असताना बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, हा इमारत संहितेचा दंडकच आहे. तो एजन्सीने आम्हाला सांगायला हवा होता. खर्च २,८०० रुपये आला.

आता जे चांगले झाले त्याविषयी. प्रशिक्षक मन लावून शिकवणारे होते आणि त्यांचे मराठी स्वच्छ होते. पहिल्या दिवशी त्यांनी मैदानात लोखंडी परातीत थोडे डिझेल पेटवून प्रत्येकाकडून, अक्षरशः प्रत्येकाकडून, सिलिंडर चालवून घेतले. आमच्या मावशी सर्वांत शेवटी उभ्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा पिन काही केल्या निघेना. त्या भीतीने सिलिंडरची दोन्ही पाती घट्ट दाबूनच उचलत होत्या आणि पाती दाबलेली असली की पिन अडकते. प्रशिक्षकांनी त्यांचा हात सैल केला, ‘मावशी, आधी खाली ठेवा, पिन पिळा, मग ओढा’ असे सांगितले आणि नंतर नळी ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाकडे धरून झाडू मारल्यासारखी डावीकडून उजवीकडे फिरवायला लावली. आग विझली. भिंतीवरच्या चित्रावरून हे कोणालाही कळले नसते. असे सिलिंडर दहा ते वीस सेकंदांतच रिकामे होते, म्हणून आग लहान असेल आणि आपल्या पाठीमागे बाहेरची वाट मोकळी असेल तरच प्रयत्न करायचा, नाहीतर मुलांना घेऊन बाहेर पडायचे आणि १०१ ला फोन करायचा, हे त्यांनी तीन-तीनदा बजावले.

भूकंपाच्या सरावात त्यांच्या तयार पाठाची अडचण झाली. घर हादरू लागले की बाकाखाली जा, डोके झाका आणि बाकाचा पाय धरून ठेवा, असे त्यांचे चित्र सांगत होते. आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गात बाके नाहीत. मुले सतरंजीवर बसतात. एका बाईंनी हे लक्षात आणून दिले तेव्हा प्रशिक्षक क्षणभर थांबले, वर्गात जाऊन स्वतः सतरंजीवर बसले आणि आजूबाजूला पाहून म्हणाले की येथे मुलांना खिडकीपासून आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीलगत गुडघ्यांवर वाकून दप्तर डोक्यावर धरायला शिकवा, आणि ते कपाट आजच भिंतीला बोल्टने आवळून घ्या. पाठ बाजूला ठेवून वर्ग पाहणारा प्रशिक्षक मिळणे ही या सेवेतली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. महाराष्ट्राच्या स्मरणातले दोन्ही मोठे भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, पहाटेच्या अंधारात झाले, तेव्हा शाळा रिकाम्या होत्या. कच्छचा भूकंप मात्र २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला आणि अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुले ढिगाऱ्याखाली गेली. म्हणूनच आमची कपाटे त्याच आठवड्यात भिंतीला बसली.

चौथीतल्या एका विद्यार्थिनीला पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून चालावे लागते आणि तिचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. आराखड्याच्या मसुद्यात ‘दिव्यांग विद्यार्थ्यांना दोन स्वयंसेवकांनी उचलून आणावे’ असे लिहिले होते. प्रशिक्षकांनी ते वाचून सरळ विचारले की हा वर्गच खाली का भरत नाही. दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग तळमजल्यावर आला. याला एक पैसाही लागला नाही आणि हे मला आधीच सुचायला हवे होते.

पहिले मॉक ड्रिल जुलैच्या अखेरीस झाले. वेळ शिक्षकांना सांगितली नव्हती. प्रशिक्षकांनी मुख्य स्विच बंद केला, कारण खऱ्या आगीत वीज तोडावीच लागते, आणि मग घंटा वाजवा असे सांगितले. घंटा विजेची होती. ती वाजली नाही. आमचे शिपाई दादा धावत स्टोअररूममध्ये गेले, जुनी पितळी घंटा शोधून आणली आणि पाटीच्या दांड्याने बडवली. तोपर्यंत दीड मिनिट गेले होते. मुले रांगेत उतरली, धक्काबुक्की झाली नाही, पण सगळी मैदानात यायला एकूण ७ मिनिटे १० सेकंद लागले. हजेरीपत्रकांप्रमाणे त्या दिवशी ३४१ मुले हजर होती. मैदानात ३३८ भरली. तीन मुले स्वच्छतागृहात होती आणि बाहेर काय चालले आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्या तीन मुलांना हाताला धरून खाली आणले तेव्हा आमच्या सर्व बाई गप्प झाल्या होत्या. प्रत्येक मजल्यावरचे स्वच्छतागृह रिकामे झाल्याची खात्री कोणी करायची हे त्याच संध्याकाळी नावानिशी ठरले. ऑगस्टच्या शेवटी दुसरे ड्रिल झाले, तेव्हा मागचे गेट उघडे होते, पितळी घंटा जिन्यापाशी टांगलेली होती आणि ४ मिनिटे ५ सेकंदांत मोजणी जुळली.

सिलिंडरांचा अनुभव कडू आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यावे लागते. एजन्सीचा मुलगा जुलैत आला, अर्ध्या तासात सर्व सिलिंडरांवर नवी तारीख घातलेले स्टिकर लावून निघाला. एबीसी पावडरच्या सिलिंडरवर दाबमापक असतो, काटा हिरव्या पट्ट्यात दिसला की निदान दाब आहे एवढे तरी कळते. संगणक कक्षातले सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचे आहे. त्यावर काटा नसतो आणि ते वजन करूनच तपासावे लागते. मी वजन किती भरले असे विचारले तर त्याच्याकडे वजनकाटाच नव्हता. मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी आणलेला डिजिटल वजनकाटा कपाटातून काढला आणि सिलिंडर त्यावर उभे केले. अंगावर कोरलेल्या वजनापेक्षा ते जवळजवळ एक किलोने हलके भरले. साडेचार किलो वायूपैकी किलोभर निघून गेलेला असताना त्यावर ‘तपासले’ असा स्टिकर लागलेला होता. तक्रार केल्यावर एजन्सीने दिलगिरी व्यक्त करून ते भरून दिले आणि पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. परंतु प्रत्येक शाळा काही वजनकाटा काढून बसणार नाही.

आराखड्याची फाईल जाड, रंगीत आणि स्पायरल बाइंडिंग केलेली आली. तिच्यात आमच्या शाळेच्या ‘जलतरण तलावा’जवळ जीवरक्षक नेमावा आणि ‘रसायनशास्त्र प्रयोगशाळे’त आम्ल कुलूपबंद ठेवावे अशा सूचना होत्या, आमच्याकडे या दोन्ही गोष्टी नाहीत. पावसात जिन्यावर पाणी येते आणि पायऱ्या निसरड्या होतात, ही आमची खरी अडचण फाईलमध्ये कोठेही नव्हती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर या शहराने पाहिला आहे, तरी अतिवृष्टीच्या दिवशी काय करायचे याबद्दल अर्धे पानसुद्धा नव्हते. भाषाही अशी की ‘निर्वासन मार्ग’ (बाहेर पडायची वाट) आणि ‘एकत्रीकरण बिंदू’ (जमायची जागा) हे शब्द वाचून आमच्या शिपाई दादांनी मला अर्थ विचारला. आम्ही शिक्षकांनी मिळून तीन संध्याकाळी बसून चार पानांचा आराखडा लिहिला: कोण घंटा वाजवणार, कोण कोणत्या जिन्याने उतरणार, स्वच्छतागृहे कोण पाहणार, वीज कोण तोडणार, १०१, १०८ आणि ११२ ला फोन कोण करणार, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर तिच्या जागी कोण. तो प्रत्येक वर्गात लावला आहे. सकाळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीही त्यावर सही केली आहे.

सुरक्षेच्या भागात एजन्सीचा सर्व भर कॅमेऱ्यांवर होता. सोळा कॅमेऱ्यांची शिफारस आणि त्यांचे दरपत्रक एकाच लिफाफ्यात आले. जो तपासतो त्यानेच विकणे मला पटत नाही. कॅमेरे हवेत यात शंका नाही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आल्यानंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने ते शाळांना अनिवार्यच केले. पण त्याच निर्णयात कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती यांवरही भर आहे, आणि त्या प्रकरणातला आरोपी शाळेतच कामाला असलेला सफाई कर्मचारी होता. कितीही उंच भिंत घातली तरी ती अशा धोक्याला अडवत नाही. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याविषयी, मुलाने काही सांगितले तर ते कसे ऐकावे आणि पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे याविषयी एक शब्दही नव्हता. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक फाईलच्या मागच्या पानावर एका कोपऱ्यात होता. तो आता आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर आहे.

मूल कोणाच्या हाती सोपवायचे याची नोंदवही ही मात्र एजन्सीनेच सुचवलेली अतिशय चांगली कल्पना. प्रत्येक मुलासाठी पालकांनी तीन माणसांची नावे, नाते आणि फोटो द्यायचे; आपत्तीत किंवा अचानक शाळा सोडावी लागली तर त्या तिघांशिवाय कोणाच्याही हाती मूल द्यायचे नाही. दुसऱ्या ड्रिलमध्ये याचाही सराव झाला. पहिलीतल्या एका मुलाला न्यायला शेजारचे गृहस्थ आले, मूल त्यांना ओळखत होते, ‘काका’ म्हणून त्यांच्याकडे धावलेही. पण नोंदवहीत त्यांचे नाव नव्हते. वर्गशिक्षिका बाईंनी मुलाला स्वतःजवळ बसवून घेतले आणि आईला फोन लावला. गृहस्थ आधी रागावले. आई आल्यावर तिने बाईंचे आभार मानले आणि त्याच वेळी चौथे नाव म्हणून त्यांची नोंद करून घेतली. मुसळधार पावसाच्या दिवशी गेटवर जी झुंबड उडते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या वहीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

अग्निशमन सेवा सप्ताहात, म्हणजे १४ ते २० एप्रिलला, अग्निशमन दलही प्रात्यक्षिके देते. मात्र तो आठवडा आमच्या वार्षिक परीक्षांचा असतो. त्यामुळे जून-जुलैमध्ये स्वतंत्रपणे प्रशिक्षण घेणेच शाळेला सोयीचे पडते.

पुढच्या वर्षीसाठी समितीने याच एजन्सीला पत्र दिले आहे, पण काम कमी करून: फक्त प्रशिक्षण आणि दोन ड्रिल, प्रशिक्षक तेच हवेत, आणि त्यातला एक अर्धा दिवस पोक्सो कायद्यासाठी. आराखडा आमचाच राहील. तो त्यांनी आमच्यासोबत इमारतीत फिरून तपासावा. सिलिंडर दुसऱ्या परवानाधारकाकडे दिले आहेत, आणि कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचे वजन आमच्यासमोर करून नोंदवहीत लिहिल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही असे कार्यादेशातच नमूद केले आहे. डिसेंबरमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही शाळांनी एजन्सीशिवाय ड्रिल केले. मागच्या गेटच्या दोन किल्ल्या करून घेतल्या आहेत; एक सकाळच्या शाळेच्या कार्यालयात असते, एक माझ्या टेबलाच्या खणात, आणि ती जागेवर आहे हे मी रोज शाळा भरताना पाहते.